माटवीची गाठ

देवरूख
१२ मे २०२५

प्रिय योगिनी,

पेटी आंब्याची असली तरी आत आंबे नाहीत. आधीच सांगते, म्हणजे निराश व्हायला नको. पेंढा हळूच बाजूला कर. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच काचेच्या पट्ट्या आहेत. एसटीच्या पार्सलवाल्याला मी तीनदा बजावलं की आत काच आहे. तिसऱ्यांदा तो काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. बहुधा चांगलं नसावं.

कानांमुळे शाळेतली चित्रकलेची नोकरी मुदतीआधी सोडली, तेव्हापासूनचं माझं हे वेड तुला पत्रांतून माहीत आहेच. गोठ्यात आता गाय नाही, विजेची छोटी भट्टी आहे. सूनबाईंनी, म्हणजे दीपालीने, घराच्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या बसवल्या, तेव्हा जुन्या तावदानांच्या काचा भंगारात चालल्या होत्या. त्या मी दारातच अडवल्या. त्यांच्या पट्ट्या कापते, वर काचेचे रंग चढवते आणि भट्टीत घालते. आतापर्यंत खिडकीत लावायची चित्रं केली, ताटल्या केल्या. ती सगळी डोळ्यांसाठी. ह्या पट्ट्या मात्र कानांसाठी आहेत. वाऱ्यावर एकमेकींना लागून वाजाव्यात म्हणून केल्या. जिला दारावरची बेल ऐकू येत नाही तिने वाजणारी काच करावी, हे तुला हसू येण्यासारखंच आहे. हस, पण पुढे वाच.

घरात वाजवून दाखवल्या. विनीत म्हणाला, छान. दीपाली म्हणाली, छान. नात आरोही मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, छान. हा एक शब्द मला आता ओठांवरून पाठ झाला आहे. दुसरा शब्द 'काही नाही'. फोन कुणाचा होता? काही नाही. सगळे का हसलात? काही नाही. त्यांची माया आहे, मला कळतं. पण दिवसभर 'काही नाही' खाऊन पोट भरत नाही गं.

म्हणून तुझ्याकडे पाठवते. सातवीत गॅदरिंगच्या आधी सगळ्या वर्गाने माझ्या गाण्याला टाळ्या दिल्या आणि तू एकटी म्हणालीस, "श्रद्धा, तू बेसूर गातेस." दोन दिवस मी तुझ्याशी अबोला धरला होता. तेव्हापासून माझा विश्वास तुझ्या कानांवर आहे.

प्रत्येक पट्टीला वरच्या टोकाशी भोक पाडलं आहे. दोरा मुद्दाम ओवला नाही. तुमची खारी हवा कुठला दोरा खाते आणि कुठला ठेवते ते तुलाच ठाऊक. वारा लागेल अशा जागी टांग आणि कशा वाजतात ते लिही. खरं लिही.

तुझी,
श्रद्धा

ता. क. हिरव्या ठिपक्यांची पाचवी जपून काढ. तिच्यात गोटीसोड्याच्या बाटलीचा चुरा घातला आहे. शाळा सुटल्यावर मांडवीच्या जेटीवर प्यायचो तीच बाटली नव्हे, पण हिरवा तोच.


रत्नागिरी
२१ मे २०२५

प्रिय श्रद्धा,

पाचही सुखरूप पोचल्या. पेंढ्यातून एकेक वर काढताना मला आपल्या शाळेतला नाताळ आठवला. सिस्टर ॲग्नेस गोठ्याच्या देखाव्यातल्या मूर्ती अशाच पेंढ्यातून काढायच्या आणि आपण दोघी दाराच्या फटीतून बघायचो. सिस्टरांच्या पार्लरमधल्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतल्या, काचेच्या कपाटावरची ती पाटी आठवते? 'हात लावू नये.' परवा मी घरात कुणी नसताना पाचही काचांना मनसोक्त हात लावला. कडा किती गुळगुळीत केल्या आहेस! निळी तर अशी, की संध्याकाळी जेटीवरून दिसतं तसं पाणी.

टांगायला मात्र बराच खटाटोप झाला. आमच्या चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकला की भुगा गळतो आणि खिळाही. खिडकीचे गज गंजलेले, त्यांचा तांबूस डाग काचेला लागला असता. शेवटी ओटीवरच्या मोठ्या खिडकीत वाशाला एक वेळूची काठी आडवी बांधली आणि तिला पाचही ओळीने सुंभाने बांधल्या. दोन-दोन वेढे, वर गाठ, गाठीवर गाठ. माझी गाठ तुला माहीत आहे. चाळीस वर्षं गणपतीची माटवी मी बांधते. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळाची रानफळं, सगळं त्या लाकडी चौकटीला बांधून देवाच्या डोक्यावर टांगायचं. सासूबाई म्हणायच्या, "योगिनी, द्येवाच्या डोक्यार कायएक पडता नये." अजून एकही सुपारी पडलेली नाही. तुझ्या काचाही पडणार नाहीत, निर्धास्त राहा.

आणि आवाज विचारतेस? काल संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला आणि मी हातातले वाटीभर वाल निवडायचे टाकून बसून राहिले. आपल्या चॅपलची दुपारची घंटा लांबून, चिंचेच्या पलीकडून यायची ना, अगदी तशा वाजतात.

आंबे पाठवते आहे. ह्या पेटीत खरोखरचे.

तुझी,
योगिनी


देवरूख
२ जून २०२५

माझ्या लाडक्या कानांनो,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खरं म्हणजे पत्र एकदा आणि ते घंटेचं वाक्य तीनदा. मग स्वयंपाकघरात जाऊन दीपालीला मोठ्याने वाचून दाखवलं. आता माझ्या 'मोठ्याने'चा अंदाज मला नाही, शेजारच्या सोनूबाईही कुंपणाशी आल्या. दीपाली गॅस बारीक करून ऐकत होती. ती थांबून माझं ऐकते असं फार दिवसांनी झालं.

चॅपलची घंटा मला आठवते योगिनी. गेल्या दहा वर्षांत एकेक आवाज गेला. आधी पक्षी गेले, मग फोडणी, मग माणसं. पण ती घंटा डोक्यात आहे. ती माझ्या हातून पुन्हा व्हावी ह्याहून मला काय हवं?

तर आता बातमी. माझी जुनी विद्यार्थिनी संस्कृती तुमच्याकडे एका वाचनालयात काम करते. वरच्या सभागृहात सप्टेंबरच्या वीस तारखेला माझ्या काचांचं प्रदर्शन ठेवायचं ती म्हणते. मी नकोच म्हणत होते. ताटल्या नि खिडकीतली चित्रं काय, कुणीही करतं. पण तुझं पत्र आल्यावर हो म्हटलं. वाजणाऱ्या काचा मधोमध टांगणार. अट एकच, भिंतीला खिळा मारायचा नाही. तू जरा जाऊन जागा बघून येशील?

तुझी,
श्रद्धा


रत्नागिरी
२० जून २०२५

प्रिय श्रद्धा,

जागा बघून आले. जिना अरुंद आहे, सांभाळून चढायला हवं. वर मात्र उजेड सुरेख. पश्चिमेला चार उंच खिडक्या आहेत. तुझी चित्रं भिंतीला लावलीस तर मरून जातील, ती ह्या खिडक्यांत उजेडाच्या आड टांगायला हवीत. सकाळी नुसती काच दिसेल आणि चार वाजल्यानंतर जमिनीवर रंग उतरतील. तेव्हा प्रदर्शनाची वेळ दुपारची ठेव. ताटल्या उभ्या करायला आमच्याकडचे सागवानी पाट देते. मागे छोटं लाकूड लावलं की ताटली तिरकी उभी राहते आणि लाकडावर काच शोभते. छताला पंख्यासाठी म्हणून ठोकलेले चार जुने आकडे आहेत. त्यांना आमची माटवी टांगता येईल. गणपतीनंतर वर्षभर माळ्यावर रिकामीच पडलेली असते.

पट्ट्यांचं मात्र माझ्या मनात येतं की त्या थोड्याच ठेवाव्यात. गर्दीत कुणाचा धक्का लागेल. आणि सभागृहात वारा तरी किती येणार? ताटल्यांवर भर दे. माझं आपलं मत.

तुझी,
योगिनी


देवरूख
९ जुलै २०२५

प्रिय योगिनी,

तू माझ्या काचांची काळजी माझ्याहून जास्त करतेस. फुटल्या तर फुटल्या! वारा नसला तर पंखा लावू, नाहीतर लोकांना हाताने हलवू देऊ. मी चाळीस पट्ट्या करून ठेवल्या आहेत. विनीत विचारतो, "आई, एवढ्या कशाला?" मी म्हणते, "काही नाही." त्यालाही कळू दे कसं लागतं ते.

माटवीची कल्पना तुझी आणि ती सगळ्यांत उत्तम. चौकट छताला आणि तिच्याखाली चाळीस घंटा!

आता एक विचारायचं आहे. शेजारी लावायला एक कार्ड करते आहे. मजकूर असा: 'ह्या काचा करणारीला ऐकू येत नाही. त्या कशा वाजतात ते तिच्या मैत्रिणीच्या शब्दांत.' आणि खाली तुझं चॅपलच्या घंटेचं वाक्य जसंच्या तसं, चिंचेसकट. त्याखाली तुझं नाव. ह्याच महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास छापायला देईन. आडनाव कुठलं घालू, माहेरचं की सासरचं? शाळेतल्या मुली आल्या तर माहेरचं ओळखतील.

तुझी,
श्रद्धा


रत्नागिरी
१४ जुलै २०२५

प्रिय श्रद्धा,

कार्ड छापायला देऊ नकोस.

सहावीत एका दुपारी आपण दोघी चॅपलमधल्या कन्फेशनच्या लाकडी खोलीत शिरलो होतो, आठवतं? तू फादरच्या जागी बसलीस, मी जाळीच्या ह्या बाजूला गुडघे टेकले आणि तुझ्या डब्यातली शंकरपाळी मीच खाल्ली हे कबूल केलं. तू जाळीतून म्हणालीस, "दहा उठाबशा." आज पुन्हा जाळीच्या त्याच बाजूला आहे असं समज.

तुझ्या काचा वाजत नाहीत. म्हणजे आवाज येतो, पण मोरीत कपबशा विसळताना येतो तसा. टक् टक्, आणि लगेच मरतो. पहिल्याच संध्याकाळी शेजारचे दादू आले होते. बोटीवरून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या ओटीवर जाळी विणत बसतात. त्यांनी मान वर करून विचारलं, "वैनी, ह्यां काय टांगलंव? थंडीत दात वाजल्यासारखा वाजताय." मी त्यांना गप्प केलं आणि दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहायला घेतलं.

खरं लिहायचं ठरवूनच बसले होते. पण तुझी ती ओळ डोळ्यांसमोर होती, दिवसभर 'काही नाही' खाऊन राहण्याची. मला वाटलं, हिला एकदा पोटभर द्यावं. घंटा आपोआप उतरली कागदावर. खोटं लिहिते आहे असं लिहिताना वाटलंसुद्धा नाही. ती घंटा मला खरीच ऐकू येत होती, फक्त काचेतून नाही. मग तू चाळीस पट्ट्या केल्यास. जूनमध्ये मी आडवळणाने सांगून पाहिलं. तुला ते काचेची काळजी वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

सातवीतल्या मुलीला जमलं ते मला बासष्टाव्या वर्षी जमलं नाही. तुझ्या घरातले नुसतं 'छान' म्हणून थांबले. मी त्यावर चॅपल बांधलं.

माटवी, पाट, सगळं तुझंच आहे. आडनावाचं विचारलंस. कुठलंच घालू नकोस.

योगिनी


रत्नागिरी
५ ऑगस्ट २०२५

प्रिय श्रद्धा,

तीन आठवडे झाले. पोस्टमन रोज समोरून जातो. तू फोनवर बोलू शकत नाहीस, दीपालीला फोन करून तुझी चौकशी करणं म्हणजे तुझ्या पाठीमागे बोलणं होईल, म्हणून केला नाही. तू बरी आहेस एवढंच कळव. एक ओळ पुरे. रागाची चालेल.

योगिनी


देवरूख
१६ ऑगस्ट २०२५

योगिनी,

बरी आहे. राग होता. अजून थोडा आहे, पण तो आता लिहिण्याजोगा झाला आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भट्टीचं दार लावून घेतलं आणि आठ दिवस उघडलं नाही. काचा वाजत नाहीत ह्याचं दुःख फार नाही झालं. पण घरात तीन माणसं मला सांभाळून घेतात आणि एक जण लांब आहे जी घेत नाही, ह्या हिशेबावर मी रोज सकाळी उठत होते. दीपालीने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ती गेली नाही. आरोहीची जुनी पाटी आणून तिच्यावर लिहून विचारलं. मग मी तिला पत्रच वाचायला दिलं. तिने खाली लिहिलं, 'आम्हीपण खोटंच बोललो. कपबशांसारखंच वाटलं होतं.' आणि रडायला लागली. शेवटी मलाच तिची समजूत काढावी लागली. तेव्हापासून ह्या घरात 'काही नाही' बंद आहे. पाटीवर सगळं लिहितात. परवा कळलं, जेवताना हसत होते ते माझ्या घोरण्याला. कळलं नसतं तरी चाललं असतं.

मग तुझं मे महिन्यातलं पत्र पुन्हा काढलं, खोटं नेमकं कुठून सुरू होतं ते बघायला. आणि त्याच्या वरच्याच परिच्छेदात खरं सापडलं. दोन-दोन वेढे, वर गाठ, गाठीवर गाठ! अगं बये, तू माझ्या काचांना सुपारीच्या घोसासारखं आवळलंस! देवाच्या डोक्यावर पडू नये म्हणून बांधलेली वस्तू कशी वाजेल? तेव्हा हे मला दिसलं नाही, कारण मी घंटेचं वाक्य तीनदा वाचलं आणि बाकीचं एकदा. म्हणजे ऐकू न येण्यात माझाही हात होता.

पण सगळं तुझ्या गाठीवर ढकलता येणार नाही. जिवतीच्या शुक्रवारी दारात घालायला रांगोळी घेऊन निघाले होते. कामाच्या टेबलावर टॉवेलच्या दोन गुंडाळ्यांवर एक पट्टी आडवी पडली होती. डबा कलला आणि पट्टीवर रांगोळी सांडली. झटकायला म्हणून मी पेन्सिलीच्या रबराने काचेवर टकटक केली. योगिनी, रांगोळी चालायला लागली! कणकण उडत सरकली आणि दोन ठिकाणी रेघ होऊन बसली. दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर, आडव्या दोन पांढऱ्या रेघा. पुन्हा सांडली, पुन्हा तिथेच. मग काचेला बोट टेकवून पाहिलं. एरवी कुठेही बोट लावलं की थरथर जागच्या जागी थांबते. रेघेवर लावलं तर थांबत नाही. तिथे काच स्थिर असते आणि बाकीची सगळी हलते. मी भोक पाडलं होतं अगदी टोकाशी, जिथे ती सगळ्यांत जास्त थरथरते. मी तिचं तोंड दाबून धरलं आणि तू वरून सुंभाने आवळलं. बिचारी बोलणार कुठून?

चाळीसच्या चाळीस पट्ट्यांना रेघेवर नवी भोकं पाडली. पाण्यात बुडवून, हिऱ्याच्या टोकाने, दहा दिवस लागले. म्हणून पत्राला उशीर. थोडा रागामुळे, जास्त भोकांमुळे.

आता तुझी शिक्षा. उठाबशा तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. तुझ्याकडच्या पाचही सोड. प्रत्येकीवर रांगोळी टाकून रेघा शोध. त्या दोन रेघांवर दोन सैल फास घालून झोपाळ्यासारख्या आडव्या टांग. मग एकेकीचं लिही. छान लिहिलंस तर मी तुझं पत्र भट्टीत घालीन.

श्रद्धा


रत्नागिरी
८ सप्टेंबर २०२५

प्रिय श्रद्धा,

गौरी-गणपती गेले. माटवीवरची फळं उतरवली, चौकट मात्र तशीच ठेवली आणि काल शिक्षा भोगायला बसले.

आधी माझ्याच गाठी सुटेनात. सुंभ दमटपणाने फुगून काचेला चिकटला होता. दादू बघत होते. म्हणाले, "वैनी, ती घट्ट गाठ आमच्या जाळ्याला. ह्याला सैल हवी. मासोळी कशी, दोरी लागलीय हे तिला समजताच नये." त्यांनी आपल्याकडचं तंगूस दिलं, तीच ती मासेमारीची नायलॉनची दोरी. खाऱ्या हवेत कुजत नाही आणि दिसतही नाही. फास त्यांनीच घालून दाखवले. माझा हात दर वेळी आवळायला जायचा. चाळीस वर्षांची सवय आहे ती! "सोडा, सोडा," असं ते सारखे म्हणत होते.

रांगोळी मीही चालताना पाहिली. घरातल्यांना हाका मारून दाखवली.

आता एकेकीचं. तू वाचणार आहेस म्हणून नव्हे, ऐकलं तसं लिहिते आहे.

चॅपलची घंटा नाही. तो आवाज काचेत नाहीच, श्रद्धा. निळी वाजते ती अशी: वर्गात गोंगाट वाढला की सिस्टर ॲग्नेस टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याला फाउंटन पेन लावायच्या. तोच आवाज. लहान, गोल, आणि थोडा वेळ टिकणारा. मी मनात दहा मोजेपर्यंत ऐकू येतो. पिवळी त्याहून बारीक, पेला अर्धा रिकामा झाल्यासारखी. पांढरी आणि जांभळी जवळजवळ सारख्या वाजतात. दोघी एकमेकींना लागल्या की किंचित भांडल्यासारखा सूर येतो. मला आवडला, दादूंना नाही. ते म्हणाले, "हिला नि तिला लांब बांधा, सवती हत."

पाचवी मुकी आहे. गोटीसोड्याची हिरवी. रेघा नीट उमटत नाहीत, फास सरकवून पाहिले, तंगूस बदललं. टक् एवढंच. उजेडात धरली तेव्हा ठिपक्यांच्या कडेने केसाएवढी चीर दिसली. ती एसटीत गेली की माझ्या गाठीखाली, मला सांगता येत नाही. माझ्या गाठीखाली गेली असेल तर मला फार वाईट वाटेल. ती तुझी सगळ्यांत आवडती होती हे मला माहीत आहे.

तिला काढून ठेवू का? माटवीवर चार राहतील आणि तुझ्या चाळीस. जागा रिकामी दिसणार नाही.

माझ्या पत्रातलं काही कार्डावर घालू नकोस. पण हे सगळं जसं ऐकलं तसंच आहे.

तुझी,
योगिनी


देवरूख
१३ सप्टेंबर २०२५

माझ्या योगिनी,

तुझं पत्र भट्टीत घातलं नाही. निळीचं वाचताना मी चष्मा काढून डोळे मिटले आणि सिस्टर ॲग्नेसचं ते जाड काळं पेन मला दिसलं. पेला दिसला. वर्ग गप्प झालेलाही दिसला. घंटेपेक्षा हे बरं. घंटा सगळ्या गावाची होती, पेला आपल्या वर्गाचा.

चीर तुझ्या गाठीची नाही. खिडकीची काच आणि बाटलीची काच एकत्र वितळतात, पण निवताना दोघी वेगवेगळ्या आखडतात, आणि कधीतरी आतून तडकतात. मला हे माहीत होतं. तरी हिरव्याच्या मोहाने घातली. आपल्या दोघींच्या काचेत जेटीवरचं काहीतरी असावं म्हणून.

कार्डावर आता दोनच शब्द छापले आहेत: 'हात लावा.' विनीत म्हणाला, फुटतील. पाटीवर लिहून म्हणाला, म्हणजे खरंच म्हणाला. फुटू देत. काचेला बोट लावून जो थरकाप मला कळतो तो लोकांनाही कळू दे. ज्यांना ऐकू येतं त्यांना हे सांगणारं कुणी नसतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दीपाली आणि आरोही बरोबर आहेत. पेट्या त्याच उचलणार आहेत, मी नुसती रुबाबात उतरणार. स्टँडवर आलीस तर हाक मारू नकोस, समोर येऊन उभी राहा. दादूंना सांग, सवतींना मी लांब बांधीन, पण फास त्यांनीच घालायचे.

आणि पाचवी काढू नकोस. मधोमध टांग, सगळ्या वाजणाऱ्यांच्या मध्ये. बाकीच्या चव्वेचाळीस कशा वाजतात ते मला तू सांगशील आणि मी विश्वास ठेवीन. पण ही एकच अशी आहे, की जी तुला आणि मला अगदी सारखी ऐकू येते.

तुझी,
श्रद्धा